ब्राझिली शुरास्कारियात जेवायला जाताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्राझीलला कामानिमित्त जाणारे, अमेरिकेत राहणारे आणि तिकडे मुलांकडे गेलेले बरेच मराठी लोक एकदा तरी शुरास्कारियात जेवायला जातात. हातात सळई घेऊन वाढपी एकामागून एक येत राहतात, सगळ्याला ‘हो’ म्हटलं जातं आणि विसाव्या मिनिटाला पोट भरतं. नेमका तेव्हाच सगळ्यात चांगला तुकडा समोर येतो. या जेवणात काय मागायचं, कधी मागायचं आणि कशाला नको म्हणायचं हे ठाऊक असलं, तर त्याच पैशांत कितीतरी चांगलं जेवता येतं.

शुरास्कारिया आणि रोडिझिओ यांत फरक काय?

निखाऱ्यांवर सळईला लावून भाजलेल्या मांसाला ब्राझीलमध्ये शुरास्को म्हणतात आणि ते जिथे मिळतं ती शुरास्कारिया. ही पद्धत मूळची दक्षिणेकडच्या रिओ ग्रांदे दो सुल राज्यातली. तिथल्या गवताळ माळांवर गुरं राखणारे गाउशो जमिनीवर विस्तव करून, त्याच्या कडेला मोठ्या सळ्या रोवून बरगड्यांचं मांस तासन्‌तास भाजत. मसाला म्हणजे फक्त जाडं मीठ.

रोडिझिओ ही वाढण्याची पद्धत आहे. माणशी ठरावीक दर आणि सळया टेबलांवरून फिरत राहतात. रिओ ग्रांदे दो सुलमध्ये यालाच ‘एस्पेतो कोर्रिदो’ म्हणतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महामार्गांवरच्या खाणावळींमधून ती देशभर पसरली. ‘फोगो दे शाऊं’ हे नाव अमेरिकेतल्या मराठी लोकांच्या ओळखीचं असतं. त्याची सुरुवात १९७९ मध्ये पोर्तो आलेग्रे शहरात झाली आणि १९९७ मध्ये ते डॅलसजवळ पोचलं.

ब्राझीलमध्ये प्रत्येक शुरास्कारिया रोडिझिओच असेल असं नाही. काही ठिकाणी पदार्थ मागवून खातात, काही ठिकाणी ताट वजनावर मोजतात. टेबल घेण्याआधी ‘रोडिझिओ?’ एवढं विचारलं तरी पुरतं. ब्राझीलमध्ये शब्दाच्या सुरुवातीचा ‘र’ आणि मधला जोड ‘र्र’ बहुतेक ठिकाणी ‘ह’सारखा आणि ‘दि’ बराचसा ‘जि’सारखा उच्चारतात. त्यामुळे कानावर ‘होजीझ्यू’ आणि ‘शुहास्कारिया’ पडलं तर गोंधळू नका.

बसल्यापासून क्रम कसा असतो?

टेबलावर प्रत्येकापुढे एक छोटी चकती किंवा कार्ड असतं. त्याची एक बाजू हिरवी, एक लाल. हिरवी वर असली की वाढपी येतात, लाल वर असली की थांबतात. कार्ड सुरुवातीला लालच ठेवा. आधी सॅलड बारवर एक फेरी मारा, थोडंसं वाढून घ्या, पेय सांगा आणि मग कार्ड पालटा. एकदा हिरवं केलं की दोन-तीन मिनिटांत चार सळया येऊन उभ्या राहतात.

वाढपी तुकड्याचं नाव सांगतो, सळईचं टोक टेबलावरच्या छोट्या थाळीवर टेकवतो आणि सुरीने वरून खाली पातळ काप काढतो. तुमच्या ताटाशेजारी लहान चिमटा असतो, तो याच कामासाठी. काप सुटत आला की त्याची वरची कड चिमट्यात धरायची आणि सुरीपासून बाहेरच्या बाजूला अलगद ओढायची. सुरीच्या दिशेने ओढलं तर काप फाटतो, रस उडतो आणि वाढप्याच्या हाताला धोका होतो. तोंडाला लावलेला काटा इथे वापरत नाहीत, कारण तीच सळई पुढच्या टेबलावर जाणार असते.

एक काप साधारण ३० ते ५० ग्रॅमचा असतो. म्हणजे दहा-बारा कापांत अर्धा किलोच्या आसपास मांस होतं. पट्टीचा खाणाराही त्याच्या फार पुढे जात नाही.

कार्ड लाल असूनही वाढपी येतात. असं का?

गर्दीच्या वेळी कार्डाकडे लक्ष जात नाही, आणि ब्राझीलमधल्या बऱ्याच साध्या शुरास्कारियांत कार्डच नसतं. तिथे मान हलवून ‘नाउं, ओब्रिगादु’ (नको, धन्यवाद) म्हणायचं. बाईने म्हणताना ‘ओब्रिगादा’. नकाराचं कुणालाही वाईट वाटत नाही, वाढपी रात्रभरात शेकडो वेळा तो ऐकतो. आपल्याकडे पंगतीत आग्रह मोडवत नाही, तो संकोच इथे बाजूला ठेवा.

कोणते तुकडे चुकवू नयेत?

गोमांस खाणाऱ्यांसाठी पहिलं नाव पिकान्या. गुराच्या पुठ्ठ्यावरचा हा त्रिकोणी भाग, साधारण एक ते सव्वा किलोचा. त्याच्या एका बाजूला सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर जाड चरबीचा थर असतो. त्याचे जाड पट्टे करून, चरबी बाहेरच्या बाजूला ठेवून अर्धगोल वाकवतात आणि तसेच सळईला लावतात. भाजताना चरबी वितळून मांसावरून ओघळते, कडेला कुरकुरीत कड धरते. काप घेताना त्यात चरबीची एक बारीक रेघ येते की नाही ते पाहा. तीच त्याची चव. चरबी पूर्ण काढून घेणार असाल तर पिकान्याऐवजी दुसरा तुकडा घेतलेला बरा. पिकान्या म्हणून दिलेला काप चिवट निघाला तर बहुधा तो त्रिकोणाच्या रुंद टोकापलीकडचा, मांडीकडचा भाग असतो. खाटकाने तुकडा वाजवीपेक्षा लांब कापला की असं होतं.

फ्राल्दिन्या म्हणजे पोटाकडचा, लांब सुट्या धाग्यांचा भाग. रस भरपूर, चव गडद, आणि रेषांना आडवा कापला तरच मऊ. मामिन्या त्याहून सौम्य आणि कमी चरबीची. आल्कात्रा कंबरेकडची. फिले मिन्यों सगळ्यात मऊ, पण चवीला सगळ्यात फिकी. म्हणून तिच्यावर बेकन गुंडाळतात किंवा लसूण लावतात. भाव जास्त म्हणून लोक तिच्यावर तुटून पडतात, पण पिकान्या आणि फ्राल्दिन्या समोर असताना तिच्यासाठी पोटात जागा राखायची गरज नाही.

कोस्तेला, म्हणजे बरगड्या. मंद आचेवर पाच-सहा तास किंवा त्याहून जास्त वेळ ठेवलेल्या. हाडावरून मांस सहज सुटलं पाहिजे. ओढावं लागत असेल तर घाई झाली आहे.

आणि कुपिं. हे गुराचं वशिंड. युरोपी जातींच्या गुरांना वशिंड नसतं, त्यामुळे हा तुकडा त्या देशांत मिळत नाही. ब्राझीलमधली बहुसंख्य मांसाची गुरं मात्र भारतातून नेलेल्या जातींच्या वंशातली आहेत. तिथली ‘नेलोरे’ ही आपल्या आंध्रातल्या ओंगोल गुरांपासून झालेली, ‘गुझेरा’ कांकरेजपासून, आणि ‘जिर’ तर सरळ आपली गीरच. वशिंडाच्या मांसात चरबी धाग्याधाग्यांतून विखुरलेली असते. ते आधी कागदात किंवा फॉइलमध्ये गुंडाळून काही तास मऊ करतात आणि शेवटी निखाऱ्यावर लाल करतात. बाहेरून खरपूस, आत लोण्यासारखं. जड असतं, एक-दोन काप पुरेत.

गोमांसाखेरीज कोंबडीच्या तंगड्या, बेकनमध्ये गुंडाळलेली कोंबडी, कोर्देरु म्हणजे कोकराचं मांस, पोर्कच्या बरगड्या आणि लिंग्विसा नावाचं सॉसेज असतं. कोंबडीची छोटी हृदयं एका सळईला ओळीने लावून येतात, त्याला ‘कोरासाऊं’ म्हणतात. ब्राझीलमध्ये लहान मुलंही ती आवडीने खातात. गरम असतानाच खावीत, गार झाली की रबरासारखी होतात.

सुरुवातीला सारखं सॉसेज आणि कोंबडीच का येते?

ते लवकर भाजतं, स्वस्त असतं आणि कायम तयार असतं. पिकान्याची सळई मात्र ठरावीक वेळाने निघते आणि दहा टेबलांत संपते. तिची वाट पाहण्यात काही अर्थ नाही, नाव घेऊन मागा. पहिला वाढपी आला की त्यालाच ‘पिकान्या, आउ पोंतु’ (मधोमध गुलाबी) म्हणून सांगा. तो आत निरोप देतो. चांगल्या ठिकाणी पाच-सात मिनिटांत सळई येते. दोनदा मागूनही आली नाही तर टेबल पाहणाऱ्या व्यक्तीला सांगा. हा हक्काचा भाग आहे, त्यात आगाऊपणा नाही.

भाजणी आपल्या आवडीची कशी मिळवायची?

तीन शब्द लक्षात ठेवा. ‘माव पासादु’ म्हणजे आतून लाल, ‘आउ पोंतु’ म्हणजे मधोमध गुलाबी, ‘बें पासादु’ म्हणजे पूर्ण शिजलेलं. आतलं तापमान मोजलं तर पहिलं साधारण ५० अंश सेल्सिअसच्या आसपास, दुसरं ५५ ते ६० आणि तिसरं ७० च्या पुढे.

यातलं मर्म सळईतच आहे. भाजलेल्या तुकड्याचा बाहेरचा थर सगळ्यात जास्त शिजलेला असतो आणि आत जावं तसा रंग लाल होत जातो. वाढपी बाहेरचा थर दोन-चार टेबलांवर कापून देतो, आतला लाल भाग उघडा पडतो आणि तो सळई पुन्हा निखाऱ्यावर नेतो. तिथे नवा थर भाजला जातो. म्हणून पूर्ण शिजलेलं हवं असेल तर नुकतीच आतून आलेली, न कापलेली सळई गाठा आणि बाहेरचा पहिला काप मागा. गुलाबी हवं असेल तर दोन-तीन काप निघून गेल्यावरचा भाग मागा. एकाच सळईच्या दोन बाजू वेगवेगळ्या भाजलेल्या असतात. बोटाने दाखवून ‘इकडचा’ म्हटलं तरी चालतं.

काप मिळाल्यावर ताटात पाच मिनिटं ठेवून गप्पा मारू नका. इतका पातळ काप दोन मिनिटांत गार होतो आणि चरबी गोठून तोंडाला चिकटते. एका वेळी एकच काप घ्या, खा, मग पुढचा. ताटात चार प्रकारचे काप एकदम साचले की जेवणाची सगळी मजा गेली.

मांस इतकं खारट का लागतं?

मीठ जाडं वापरतात. खडे मोठे असल्याने ते लगेच विरघळत नाहीत, वरवर राहतात, आणि वाढायला नेण्याआधी सुरीच्या पाठीने सळईवर ठोकून जास्तीचं मीठ झाडतात. घाईत हे झाडणं राहिलं की काप खारट होतो. दुसरं कारण म्हणजे थर कापून सळई परत विस्तवावर जाताना तिला पुन्हा मीठ लावतात. त्यामुळे सगळ्यात बाहेरची कड नेहमीच जास्त खारी असते.

उपाय सोपा आहे. ‘मेनुस साव’ (कमी मीठ) म्हणा, किंवा आतल्या बाजूचा काप मागा. रक्तदाबाचा त्रास असलेल्यांनी लिंग्विसा आणि बेकन गुंडाळलेले प्रकार सोडून द्यावेत. त्यांत मीठ आत मुरलेलं असतं, झाडून जात नाही.

आम्ही गोमांस किंवा पोर्क खात नाही. तरी जावं का?

जाता येतं, पण आत गेल्यावर नाही, आधी फोनवरच विचारून घ्या. कोंबडी, कोकरू, मासे आणि कोळंबी यांतलं काय काय रोडिझिओत फिरतं ते प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं. अमेरिकेतल्या साखळी रेस्तराँत कोकरू बहुधा असतं. ब्राझीलच्या साध्या शुरास्कारियांत ते नेहमी नसतं आणि मग उरते कोंबडी. पूर्ण रोडिझिओचा दर देऊन फक्त कोंबडी खायची असेल तर ते परवडत नाही. अशा वेळी मासे मागवून खाण्याची सोय आहे का ते विचारा.

बसल्या बसल्याच वाढप्याला काय चालत नाही ते सांगा. ‘बोई’ म्हणजे गोमांस, ‘पोर्कु’ म्हणजे डुक्कर, ‘फ्रांगु’ कोंबडी, ‘पेशी’ मासा. सळई आली की ‘ए बोई?’ एवढं विचारायचं. फसवणूक कुणी करत नाही, पण काही गोष्टी नावावरून कळत नाहीत. लिंग्विसा बहुतेकदा पोर्कची असते. कोंबडीच्या भोवती बेकन असतं. काळ्या घेवड्याच्या फेजोआदात डुकराचे अनेक भाग असतात. गोव्यातली फेजोआद ‘चोरीस’ हे पोर्कचं सॉसेज घालून करतात, तिचीच ही ब्राझिली बहीण, त्यामुळे गोव्याच्या वाचकांना हे निराळं सांगायला नको.

जे कडक पाळतात त्यांच्यासाठी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. भट्टीत सळया एकावर एक अशा दोन-तीन ओळींत लावतात. वरच्या सळईची चरबी खालच्यावर ठिबकते. कोंबडी खालच्या ओळीत असेल तर तिच्यावर गोमांसाची चरबी पडलेली असू शकते. वेगळा चिमटा आणि वेगळं ताट मागितलं तर मिळतं, पण भट्टी वेगळी मिळत नाही. हे चालणार नसेल तर शुरास्कारिया तुमच्यासाठी नाही. हलालचंही तसंच आहे. ब्राझील हलाल मांसाचा मोठा निर्यातदार असला तरी तिथल्या रेस्तराँत तेच वापरतात असं गृहीत धरू नका.

शाकाहारी माणसाने तिथे काय खावं?

सॅलड बारचा दर बहुतेक ठिकाणी निराळा आणि रोडिझिओपेक्षा बराच कमी असतो, पण तो फलकावर नेहमी लिहिलेला नसतो. विचारा. मंडळींबरोबर जावंच लागलं तर यात नीट जेवण होतं.

एक सावधगिरी मात्र हवीच. ब्राझीलमध्ये ‘कार्नी’ (मांस) म्हटलं की पुष्कळांच्या मनात फक्त गोमांस येतं. ‘मी कार्नी खात नाही’ असं सांगितलं तर प्रेमाने कोंबडी किंवा हॅम आणून देतील. म्हणून पूर्ण यादी सांगा : ‘सें कार्नी, सें फ्रांगु, सें पेशी, सें बेकन.’

हमखास चालणारं म्हणजे पाल्मितो (ताडाच्या जातीतल्या झाडाचा कोवळा गाभा), बीट, काकडी, टोमॅटो, चीज, साधा भात, तळलेला कसावा (ज्याचा साबुदाणा करतात तो कंद), तळलेलं केळं आणि विनाग्रेची (टोमॅटो-कांद्याची आंबट कोशिंबीर). पोलेंता म्हणजे मक्याच्या पिठाच्या तळलेल्या कांड्या. वर किसलेलं चीज असतं. पाऊं दे केजो ही कसावाच्या पिठाची चीज घातलेली छोटी गोल पावं. त्यांत अंडं असतं. फारोफा म्हणजे भाजलेलं कसावाचं पीठ. दिसायला निरुपद्रवी, पण त्यात बेकनचे बारीक तुकडे असण्याची शक्यता फार. कोवी नावाची हिरवी पालेभाजीही अनेकदा बेकनच्या चरबीत परततात. काळ्या घेवड्याची उसळ दिसली तरी विचारल्याशिवाय वाढू नका. ‘मायोनेझी’ म्हणजे अंडं घातलेलं बटाट्याचं सॅलड आणि ‘साल्पिकाऊं’मध्ये कोंबडी असते.

सळयांपैकी दोन शाकाहारी असतात आणि दोन्ही सुरेख. केजो कोआल्यो हे चीज निखाऱ्यावर ठेवलं तरी वितळत नाही, बाहेरून तांबूस होतं आणि आत चिवट-मऊ राहतं. वर ओरेगानो किंवा काकवी. दुसरी अननसाची. तिच्याबद्दल पुढे. चीज घट्ट करायला प्राणिज रेनेट वापरलेलं असू शकतं, ते पाळणाऱ्यांनी लक्षात घ्यावं.

मांस खाणाऱ्यांनी सॅलड बारवर किती थांबावं?

पाच-सात मिनिटं. पाव, भात, पोलेंता, बटाटे यांनी पोट भरतं, आणि रेस्तराँला ते स्वस्त पडतं. पण बार पूर्ण टाळणंही चूक आहे. चरबीच्या चार कापांनंतर जीभ जड होते, पुढच्या कापाची चव कळत नाही. तेव्हा आंबट काहीतरी लागतं. विनाग्रेची त्याच कामाची : बारीक चिरलेला टोमॅटो, कांदा, सिमला मिरची, व्हिनेगर आणि तेल. कोशिंबिरीसारखी वाटीभर जवळ ठेवा आणि दर दोन-तीन कापांनंतर एक चमचा खा. फारोफा चमचाभर घेऊन त्यात मांसाचा काप घोळवला की रस टिपला जातो आणि कुरकुरीत लागतं. कोरडा फारोफा नुसता तोंडात टाकू नका, ठसका लागतो.

वेळ किती लागतो आणि कधी जावं?

दीड ते दोन तास धरा. दर अर्ध्या तासाने कार्ड लाल करून दहा मिनिटं थांबा. पोट भरल्याची जाणीव उशिरा होते, आणि ही विश्रांती घेतली नाही तर शेवटी जड होऊन उठावं लागतं.

दुपारचा दर रात्रीपेक्षा कमी असतो. अमेरिकेत तर हा फरक चांगलाच मोठा असतो, मात्र दुपारी काही महाग तुकडे यादीतून वगळलेले असतात. ते आधी पाहून घ्या. ब्राझीलमध्ये रविवारची दुपार ही घरच्या सगळ्यांनी मिळून जेवायची वेळ. तेव्हा गर्दी असते, पण सळया सतत ताज्या निघतात. रिकाम्या शुरास्कारियात तीच सळई पुन्हा पुन्हा तापवून फिरवतात आणि मांस कोरडं होतं. भरलेली जागा निवडा, फक्त अगदी सुरुवातीच्या वेळेला पोचा. रात्री बंद व्हायच्या आधीच्या तासात मात्र जाऊ नका, तेव्हा भट्टीत नवीन काही चढत नाही.

बरोबर काय प्यावं?

कायपिरिन्या हे तिथलं नाव घेण्याजोगं पेय. एक हिरवं लिंबू, दोन चमचे साखर, बर्फ आणि ५० ते ६० मिली काशासा. काशासा उसाच्या रसापासून काढतात आणि ब्राझीलच्या कायद्याप्रमाणे त्यात ३८ ते ४८ टक्के अल्कोहोल असतं. गोड लागते म्हणून पटापट प्यायली जाते, एक पुरे. ब्राझीलमध्ये पिऊन गाडी चालवण्याबाबत २००८ पासून कायदा फार कडक आहे, टॅक्सीच करा.

मद्य नको असेल तर ग्वाराना नावाचं गोड, फसफसणारं पेय मिळतं. त्यात कॅफीन असतं, त्यामुळे रात्री मुलांना देताना विचार करा. ब्राझीलमध्ये असाल तर आमची शिफारस काजूच्या बोंडांच्या रसाची, तिथे त्याला ‘सुकु जी काजू’ म्हणतात. काजूचं झाड मूळचं ब्राझीलचंच, पोर्तुगीजांनी गोव्यात आणलेलं. कोकण-गोव्याकडच्या माणसाला तो वास लगेच ओळखू येईल. त्याचा तुरटपणा चरबीवर उत्तम चालतो. मोठे ग्लास भरून कोला पिणं टाळा, पोट फुगतं आणि बिलही.

मुलांचं काय?

साधारण पाच-सहा वर्षांपर्यंत मोफत आणि दहा-बारापर्यंत अर्धा दर अशी पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. वयाची अट जागोजाग बदलते. सळया धारदार आणि तापलेल्या असतात. मुलाला वाटेच्या कडेला बसवू नका, भिंतीकडे बसवा.

बिलात काय धरलेलं असतं?

माणशी दरात मांस, सॅलड बार आणि टेबलावर आणलेल्या तळलेल्या गोष्टी येतात. पेय आणि गोड पदार्थ बहुतेकदा वेगळे, आणि बिल तिथेच वाढतं. ब्राझीलमध्ये बिलाच्या शेवटी १० टक्के सेवा शुल्क लावलेलं असतं. कायद्याने ते ऐच्छिक आहे, पण सेवा वाईट नसेल तर लोक देतात आणि त्यावर आणखी टिप ठेवत नाहीत. अमेरिकेत मात्र टिप आपणच घालायची, १८ ते २० टक्के. समजा दर ६० डॉलर आहे. दोघांचे १२०, दोन पेयं आणि एक गोड मिळून ३५, वर कर आणि टिप. म्हणजे २०० डॉलरच्या आसपासची तयारी ठेवा. मोठ्या गटाला टिप बिलातच लावलेली असू शकते, दोनदा देऊ नका.

ब्राझीलमध्ये स्थानिक लोक पिक्स या यंत्रणेने पैसे देतात. पाहुण्यांसाठी कार्डच बरं. यंत्रावर रुपये किंवा डॉलर असा पर्याय दिसला तर तो नाकारून रेआलमध्येच, म्हणजे ब्राझीलच्या चलनात, पैसे द्या. यंत्राने लावलेला विनिमय दर महाग पडतो.

गोड काय घ्यावं?

भाजलेलं अननस, आणि ते गोडात नसून सळईवर मिळतं, त्यामुळे दरातच असतं. सोललेल्या अख्ख्या अननसावर साखर आणि दालचिनी चोळून निखाऱ्यावर फिरवतात. जेवणाच्या मध्येही एक काप घ्यावा, तोंड स्वच्छ होतं. याशिवाय दक्षिण ब्राझीलमध्ये सागू मिळतो : साबुदाणा तांबड्या वाइनमध्ये शिजवून गार केलेला. आपला साबुदाणाही ब्राझीलहून आलेल्या कसावाचाच, पण हा पदार्थ उपासाचा नव्हे. पुदिं म्हणजे कॅरॅमल कस्टर्ड, त्यात अंडी असतात. ब्रिगादेरूत अंडं नसतं; आटवलेलं गोड दूध, कोको आणि लोणी एवढंच.

यातलं घरी काय करता येईल?

महाराष्ट्रात गोवंशाचं मांस कायद्याने मिळत नाही, तेव्हा घरी कोंबडी, पनीर आणि अननस. कोळशाची शेगडी आणि चपट्या सळया घ्या. गोल सळईवर तुकडा गरगर फिरतो आणि एकच बाजू भाजत राहते. कोळसा पेटवल्यावर ज्वाळा संपून निखाऱ्यांवर पांढरी राख धरेपर्यंत थांबा, अर्धा तास तरी. सळई ठेवायच्या उंचीवर तळहात धरा. पाच-सहा सेकंद सोसलं तर आच बरोबर. दोन सेकंदांत हात ओढावा लागला तर मांस बाहेरून करपेल आणि आत कच्चं राहील.

एक किलो तंगड्यांना १० ते १२ ग्रॅम मीठ, सहा पाकळ्या ठेचलेला लसूण, दोन लिंबांचा रस आणि दोन चमचे तेल लावून दोन तास ठेवा. लिंबात रात्रभर ठेवू नका, मांस पिठूळ होतं. सुरुवातीला कातडीची बाजू वर, शेवटची दहा मिनिटं खाली. एकूण ३५ ते ४५ मिनिटं लागतात. हाडाजवळ ७४ अंश भरलं पाहिजे. थर्मामीटर नसेल तर हाडाजवळ टोचून पाहा, रस गुलाबी दिसला तर अजून ठेवा.

पनीर मऊ असेल तर सळईवर तुटतं. कापडात गुंडाळून वजनाखाली अर्धा तास दाबा, दोन सेंटिमीटर जाडीचे लांब तुकडे करा आणि सळई लांबीच्या दिशेने घाला. अननसासाठी चार मोठे चमचे साखर आणि एक छोटा चमचा दालचिनी पूड. १५ ते २० मिनिटं फिरवत ठेवा, तांबूस झालेला थर कापून वाढा, उरलेल्यावर पुन्हा साखर-दालचिनी लावून परत शेगडीवर ठेवा. साखर विरघळून नुसतं पाणी ओघळत असेल तर निखारे कमी पडलेत, आणखी कोळसा घाला.

उरलेलं बांधून मिळतं का?

रोडिझिओत सहसा नाही. ताटात मांस टाकून दिल्याबद्दल काही ठिकाणी वेगळे पैसे लावण्याची पाटी असते. म्हणूनही एका वेळी एकच काप. काप पातळ हवा असेल तर अंगठा आणि तर्जनी जवळ आणून दाखवा, वाढप्याला ते कुठल्याही भाषेत कळतं.